पावसाळ्यात तुम्ही खाता काय?

मी मुंबईतल्या वेसाव्याची (वर्सोव्याची), कोळ्यांची, असं कळलं की ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "मग बोटी बंद असतात तेव्हा तुम्ही लोक खाता काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवही असते. तर सांगते. 1 जून ते 31 जुलै, मासेमारीबंदीचे ते 61 दिवस, आमचं घर बयनं भरून ठेवलेल्या डब्यांवर चालायचं. बय म्हणजे माझी आजी, बाबांची आई.

आजोबांची डोल होती. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी त्यात शिरते. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, भरपूर; भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, बेताची. बोंबील, जवळा, करंदी (लहान कोळंबी) असं काय काय यायचं. बोट, जाळं, खलाशी हा आजोबांचा कारभार. म्हावरं किनाऱ्याला लागलं की मात्र त्यावर बयचा हक्क. ओलं किती विकायचं, सुकवायचं किती, उधारी कुणाला द्यायची, सगळं तीच ठरवी. आजोबा विडीचे पैसेसुद्धा तिच्याकडे मागत, आणि ती ते मोजून देई.

दिवाळी झाली की वलांड्या, म्हणजे मासे सुकवायला बांबूंना बांधलेल्या दोऱ्या, बोंबलांनी भरायला लागत. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. मीठ नाही, मसाला नाही, फक्त ऊन आणि वारा. बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळे लोंबणारा मऊ मासा काही दिवसांत काडीसारखा कडक होतो. त्याचे दात बारीक पण भलते तीक्ष्ण. मोसमभर बयच्या बोटांवर चिरा असत, आणि एप्रिलमध्ये वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या ती त्याच बोटांनी खुडी. हातमोजे आणून दिले होते. ते तिनं शेजारणीला देऊन टाकले.

व्यापारी माल बघायला यायच्या आधी ती घरचा वाटा काढून ठेवी, आणि तो उरलासुरला नसे, उत्तमातला असे. बोंबील, जवळा, सुकी करंदी, थोडेसे सोडे. तेलाच्या रिकाम्या डब्यांत कागद घालून भरायचं, मे महिन्यात पुन्हा एकदा कडकडीत ऊन दाखवायचं, मग झाकण घट्ट. सोड्यांचा डबा तिच्या खाटेखाली. सोललेली कोळंबी सुकून एवढीशी होते, त्यामुळे सोडे महाग, आणि आम्हा नातवंडांवर तिचा विश्वास नव्हता. योग्यच होतं ते.

पावसाळ्यात ताजं अगदीच मिळत नाही असंही नाही. पहिल्या पावसात खाडीला गाभोळीची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, चिवणी मासळी मिळते, चिंबोऱ्या मिळतात. जूनमध्ये आदिवासी बाया शेवळं ही रानभाजी घेऊन येत. बय पैशांऐवजी त्यांना जवळा देई आणि शेवळं, त्यांची खाज मारणारी काकडाची फळं घालून, सोड्यांत शिजवी. वाल-बोंबील, वांगं-सुकट (सुकट म्हणजे सुकवलेला जवळा), जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. कीव करावी असं त्यात काय आहे, मला अजून समजलेलं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर दूध नाही, भाजी नाही, तेव्हा गल्लीतली बाकीची घरंही आमच्याच डब्यांवर जेवली.

एकदाच मी तिला हरलेली पाहिली. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला. वलांड्या भरलेल्या होत्या. आम्ही धावत जाऊन जमेल तेवढं उतरवलं, पण भिजलेला बोंबील टिकत नाही, अळ्या पडतात. बराचसा माल कोंबडीच्या खाद्यासाठी मातीमोल गेला. बय कुणाशी बोलली नाही. घरचा वाटाही त्यातच होता, हे आम्हाला जूनमध्ये कळलं.

तिचा हट्ट मात्र सांगायलाच हवा. बंदी 1 ऑगस्टला उठते, पण नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय ती ताजं म्हावरं तोंडात घालत नसे. एरवी निभायचं. 2015 ला अधिक आषाढ आला आणि पुनव गेली 29 ऑगस्टला. काकाची बोट पहिल्या आठवड्यातच माल घेऊन आली. बयनं पापलेटं साफ केली, मसाला लावला, तळून आमच्या ताटात वाढली, आणि स्वतः जवळ्याची चटणी घेऊन बसली. "सरकारचा कायदा बोटीला," म्हणाली, "माजा नारल परला नाय अजून."

तिसऱ्या आठवड्यात जवळ्याचा डबा संपला. ती पदर खोचून शेजारच्या मावशीकडे गेली आणि जन्मात पहिल्यांदा सुकट विकत घेतली. भावावरून दोघींची एवढी जुंपली, की पुनवेपर्यंत बोलणं बंद होतं.