चालेल

रविवार, रात्री साडेअकरा

लाइट दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा उठून पंप पुन्हा सुरू झाला का ते बघून आलो. टाकीत एक मासा नाही, म्हणजे पंप रात्रभर बंद राहिला तरी कोणाचं काही अडणार नाही. तरी उठतोच.

डोक्यातून जात नाहीये ते एवढंच, की राजेंद्रनगरचे काका "चालेल" म्हणाले.

त्यांनी अठ्ठावीस हजार सांगितले होते. चार बाय दोन बाय दोन फुटांची समुद्री माशांची जुनी टाकी, १२ एमएमची काच, पाणी गाळायची खालची छोटी टाकी म्हणजे सम्प, फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारा स्किमर, दोन पंप, दिवे आणि ते लाकडी कपाट. मी अठरा म्हटलं. तोंडाने अठरा, मनात तेवीस. आईबरोबर सियागंजच्या बाजारात पिशव्या धरून हिंडण्यात जी काही अक्कल आली ती हीच: आपण खाली धरायचं, समोरचा हसणार, चिडणार, "घरात नाही पडत हो एवढ्याला" म्हणणार, मग कुठेतरी मध्ये जमायचं. काका हसले नाहीत, चिडले नाहीत. हातातल्या फडक्याने काचेवरचा एक डाग पुसला आणि म्हणाले, "चालेल. कधी नेताय?"

पहिले काही दिवस वाटलं, फसलो. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असणार. गळकी असेल. किंवा कधीतरी माशांच्या औषधातून तांबं घातलं असेल. ते तांबं दगडांत आणि सांध्यांच्या सिलिकॉनमध्ये मुरून बसतं आणि नंतर हळूहळू सुटतं. मासे एक वेळ तगतात, पण झिंगे न् गोगलगायी मरतात. म्हणून टाकी आधी अंगणात ठेवली, साध्या पाण्याने काठोकाठ भरली, खाली चारी बाजूंनी वर्तमानपत्र अंथरलं. तीन दिवस सकाळी चहाच्या आधी पेपर, पण वाचायला नाही, चाचपायला. कोरडा ठणठणीत. तांब्याची टेस्ट किट मागवली. शून्य. काचेवरचे पांढरे थर व्हिनेगरने घासले, तर आत एक ओरखडा नाही. इतकी जपलेली काच मी आमच्या घरात पाहिलेली नाही.

म्हणजे खोट नव्हती. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट तेव्हापासूनच झोप नीट नाही.

टाकी आप्पांच्या खोलीत लावली, पलंग होता त्या भिंतीला. तळमजला आहे, खाली पक्की फरशी. साडेचारशे लिटर पाणी म्हणजे साडेचारशे किलो, काच आणि दगड धरले की सहाशेच्या वर जातं. माडीवर नेण्याचा प्रश्नच नव्हता. आत्या काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, पण ते जाऊ दे.

पाण्याचं तर वेगळंच पुराण. नळाचं चालत नाही. आरओचं क्षारांच्या मीटरवर ३८ दाखवत होतं आणि हवं शून्य, म्हणून पुढे रेझिनची नळी जोडली आणि चार दिवस-रात्र पिंप भरत राहिलो. वाया जाणाऱ्या पाण्याने कुंड्या, फरशी, गाडी, शेजाऱ्यांची गाडी, सगळं धुऊन झालं. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदा आहे. जलूदहून सत्तरेक किलोमीटर, पंपांनी घाट चढवून आणलेली. बिचारी आपल्या वाटेने भडोचकडे चालली होती, खंभातच्या खाडीला मिळणार होती. तिला अर्ध्यात अडवून, डोंगर चढवून आमच्या रामबागेत आणली आणि इथे मी पिंपात मीठ घालून ढवळतोय, समुद्र व्हावा म्हणून. हे मी काल रात्री कोणालातरी सांगणार होतो. कोणाला, तेच सुचलं नाही.

लिटरला ३५ ग्रॅम. एकूण सोळा किलो मीठ, आणि तेही स्वयंपाकातलं नव्हे, कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं हिशोबाने असलेलं. पिशवीवरची किंमत आत्याने वाचली. "एवढ्या मिठात माझी जन्माची लोणची झाली असती."

मीठ मोजायचा डबा काकांनीच सामानात दिला होता. उभट, स्टीलचा, झाकण नसलेला. काठोकाठ भरला की बरोबर सातशे ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीचं माप. पहिल्या दिवशी घाईत लक्ष गेलं नाही. परवा धुताना बोटांना लागलं. भांड्यावर नाव घातलेलं आहे, ते जुन्या मशीनचं, ठिपक्याठिपक्यांचं. "चि. सौ. कां." वाचता येतं. पुढचं नाव मिठाने खाल्लंय, तिथे स्टीलला बारीक खड्डे पडलेत. मग "हिस मामाकडून सप्रेम" आणि १७.५.८४.

काकांच्या घरी मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा त्यांनीच केला.

हे मला दोन्ही वेळा दिसलं होतं. आणि तरी मी अठरा म्हटलं.

आज दुपारी फोन केला. निमित्त स्किमरचं होतं. भांडं फेसाने भरून सारखं ओसंडत होतं. म्हणाले, नवीन पाण्याला होतं असं, सम्पमधली पातळी दोन बोटं उतरवा. मग चाळीस मिनिटं बोलले. भाव करताना ज्या माणसाने चार वाक्यं उच्चारली नव्हती, तो आज थांबेना. मी तीन दिवस वाफेने उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालत होतो, हे ऐकून तर लहान मुलासारखे हसले. "अहो, पाणी उडतं, मीठ जागेवरच राहतं ना! वरून घालायचं ते साधंच." माझा खारेपणाचा काटा १.०२८ वर, म्हणजे हवा त्याच्या वर, का गेला होता ते तेव्हा कळलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन छोटे पंखे पाण्यावर फिरवून लावलेत. एकतीसवर गेलेलं तापमान आत्ता अठ्ठावीस आहे. अजून दोन उतरायला हवं, पण जूनचे पहिले दिवस आहेत आणि वर छत तापतंय. पोवळ्यांचंही विचारून घेतलं. म्हणाले, त्या वाटेला जाऊ नका, दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला.

"क्लाऊन माशांची जोडी घ्या, लहान बघून. सगळे जन्मतः नरच असतात. त्यातला मोठा असतो तो मादी होतो. आणि ती गेली ना, की उरलेलाच मग..." इथे थांबले. "बरं, ते सम्पचं बघा."

मी डब्याचं काढलं. म्हटलं, चुकून आलाय, आणून देतो. "राहू द्या. त्याचं माप तुमच्या बादलीला बरोबर आहे."

फोन ठेवल्यावर मी मोबाइलवर त्यांना पाच हजार पाठवायला घेतले. आकडा टाकला, "टाकीचे राहिलेले" असंही लिहिलं. मग पुसलं. कारण मागच्या दिवाळीआधी आप्पांचा तो हँडलचा पलंग महूनाक्याहून कोणीतरी न्यायला आला होता. पंधरा सांगितले होते. तो सहा म्हणाला. त्याने चाकं हलवून बघितली, गादीला हात लावला, आणि मला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. मीही हेच म्हटलं होतं, शब्द न् शब्द. चालेल, कधी नेताय. त्या माणसाने आठवड्याने फोन करून "साहेब, चार हजार कमी दिले मी" म्हटलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो, देव जाणे.

तर पैसे पाठवले नाहीत. पाठवायला हवे होते का? अठरा म्हटले ते म्हटलेच आहेत, त्याला आता इलाज नाही. मासे आले की फोटो पाठवा म्हणाले आहेत, तेवढा पाठवीन.

मासे यायला मात्र अवकाश आहे. आधी टाकीत काहीतरी सडायला लागतं, त्याचा अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. यात महिना-दीड महिना सहज जातो. सडायला म्हणून गुरुवारी एक कोळंबी आणली. या घरात, जिथे अंड्याचा केकही गॅलरीत उभं राहून खातात. एकच मागितली तर विकणारा म्हणाला, "भिया, एक में क्या होगा?" जाळीच्या पिशवीत घालून ती टाकीत सोडली तेव्हा आत्या दारात उभी होती. "आयुष्यात पहिल्यांदा घरात कोळंबी आली, तीही कुजवायला," म्हणाली आणि पदर नाकाला लावून गेली. मी एकटाच हसत बसलो. बऱ्याच दिवसांनी.

अमोनिया उद्या मोजीन. आत्ता बघून आलो. कोळंबी फुगलीय, एका अंगाने पांढरी बुरशी धरलीय. आत्या म्हणते खोलीत वास येतो. मला येत नाही. त्या खोलीतला वास मला तेव्हाही कधी येत नव्हता.