पाणी गरम कर, असं मीच सांगितलं

लडाखात पोस्टिंग म्हटलं की लोक पहिल्यांदा गोळ्यांच्या जखमांबद्दल विचारतात. त्या अख्ख्या हिवाळ्यात मी एकही गोळी काढली नाही. अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध आणि बोटं. काळी पडलेली बोटं.

त्या दुपारी वरच्या चौकीवरून वायरलेस सेटवर नर्सिंग असिस्टंट बोलत होता. दोर सोडवायला एका जवानानं हातमोजा काढला, तो वाऱ्यानं नेला. उजव्या हाताची चार बोटं पांढरी, लाकडासारखी टणक, टोचलं तरी कळत नाही. ‘साब, पानी करूँ?’

हिमदंशाचा इलाज ऐकायला सोपा आहे. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं बुडवायची, अर्धा तास. चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. बधिर बोट भाजलेलं कळत नाही. पण १८ हजार फुटांवर पाणी म्हणजे आधी बर्फ, मग स्टोव्ह, मग रॉकेल. पाणी तिथं ८०-८२ अंशांनाच उकळतं आणि भांड्यात ओतलं की बघता बघता निवतं. एकानं सतत गरम पाणी घालत राहायचं, दुसऱ्यानं थर्मामीटरवरची नजर काढायची नाही. बोटांत रक्त परतताना माणूस ओरडतो, म्हणून इंजेक्शन आधी द्यायचं. आमच्या पोरांनी हे सगळं त्या फायबरच्या खोपटात बिनचूक केलं. शहरातल्या चकचकीत कॅज्युअल्टीतही मी इतकं नीट झालेलं पाहिलेलं नाही.

पण त्याआधी एक नियम येतो. बोट पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ते वितळवायचंच नाही. एकदा गोठलेलं बोट बरंचसं वाचू शकतं. वितळून पुन्हा गोठलेलं जवळपास गेलंच. म्हणजे प्रश्न पाण्याचा नव्हता, हेलिकॉप्टरचा होता. ‘चीता’ येतोय, असा निरोप होता. मी म्हणालो, ‘कर.’

तासाभरात ढग उतरले. हेलिकॉप्टर अर्ध्यातून परतलं. तरी चौकीतच ठेवला असता, पण रात्री त्याला खोकला लागला, बसल्या जागी धाप लागली. फुप्फुसात पाणी. त्याला पहिलं औषध म्हणजे खाली उतरवणं. पहाटे चौघांनी त्याला उतरवला. गॉज, पट्ट्या, दोन हातमोजे, त्यावर कुणाची तरी लोकरी टोपी. माझ्या टेबलावर पट्टी सोडली तेव्हा तर्जनी आणि मधल्या बोटावर रक्तानं भरलेले जांभळे फोड होते. फोडात स्वच्छ पाणी असलं तर सर्जनला जरा बरं वाटतं. हे तसे नव्हते.

पुण्यात एएफएमसीला, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात असताना मी दोन क्लबांत होतो, ट्रेकिंग आणि नाटक. आईचं म्हणणं, डॉक्टर व्हायला गेलायस की नाटकं करायला? ट्रेकिंगमुळे निदान राजगड-तोरणा झाला. बर्फाबद्दल सह्याद्री काही शिकवत नाही. नाटकं हिंदीत, कारण वर्गात अर्धा देश. माझ्या हिंदीला कोल्हापूरचा वास, म्हणून मला प्रॉम्प्टर केलं. पहिल्याच प्रयोगात मुख्य नट थांबला आणि मी विंगेतून वाक्य पुरवलं. तो विसरला नव्हता, त्यानं पॉज घेतला होता. प्रेक्षकांना माझा आवाज ऐकू गेला, हशा पिकला. सीनियर एवढंच म्हणाला, ‘तुला शांतता सोसत नाही.’

त्या जवानाच्या बोटांसाठी मात्र मी थांबलो. मेलेलं किती आणि जिवंत किती ही रेषा बोटावर स्पष्ट उमटायला आठवडे लागतात. तोवर कापायचं नाही. जानेवारीत गोठलेलं जुलैत कापावं, अशी सर्जन मंडळींत जुनी म्हण आहे. पण राउंडला एक वरिष्ठ रोज विचारत, ‘बेड कधी मोकळा करतोस?’ त्यांना पेशंट दिसत नव्हता, तक्ता दिसत होता. आणि खुद्द तो जवान, साताऱ्याकडचा पोरगा, म्हणायचा, ‘साहेब, कापा ना एकदाचं. घरी जाऊ द्या.’ अकराव्या आठवड्यात कापलं. दोन बोटं दुसऱ्या सांध्यापासून गेली. उरलेल्या दोन बोटांची फक्त नखं.

गोठलेलंच ठेवलं असतं तर? तसाच उतरला असता आणि टेबलावरच वितळवलं असतं तर दोन्ही वाचली असती का? पुस्तकाप्रमाणे बहुधा हो. पण निरोप आला तेव्हा माझ्याकडे फक्त निरोप होता. ही वाक्यं मी दोन्ही बाजूंनी इतक्यांदा म्हणून पाहिली आहेत की आता पाठ झालीत.

ट्रिगरचं बोट गेलं, मेडिकल कॅटेगरी खाली आली, तो स्टोअरमध्ये लागला. गेल्या वर्षी रजेवर जाताना पेढे घेऊन भेटायला आला. पेला उरलेल्या बोटांत आणि अंगठ्यात धरायची त्याची एक पद्धत झाली आहे, सांडत नाही. बायकोला सांगत होता, ‘ह्याच साहेबांनी सेटवरून पाणी गरम करायला सांगितलं, नाहीतर हात गेला असता.’ मग माझ्याकडे वळून, ‘व्हय ना साहेब?’

मी म्हटलं, ‘चहा घे, निवतोय.’