ठकठक नेमकी कुठून?

घरीच खोलून बांधलेलं मारुती ८००चं इंजिन आज पहिल्यांदा पूर्ण गरम होऊ दिलं. थंड असताना एकदम गोड. गरम झालं आणि आयडलिंगला ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. रेस दिली की खालून ठकठक. शेजारचे काका म्हणाले, "टॅपेट असतील रे." (काकांना सगळीकडे टॅपेटच ऐकू येतात.) टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वरून टिकटिकतात, हा आवाज जड होता.

मग चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दोन नंबरची काढली आणि आवाज बसला. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की सैल बिग-एंडवरचा, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो त्या टोकावरचा, मार कमी होतो. ऑइल काढलं तर उन्हात तांबूस चकाकी, म्हणजे बेअरिंगचा झिजलेला धातू!

खालचं ऑइल चेंबर खोलून बिग-एंडची कॅप काढली. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ०.२५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे तेवढा बारीक, घासून आणलेला, बेअरिंगच्या खोक्यावरही ०.२५, पण दोन नंबरच्या बेअरिंगच्या पाठीवर शिक्का 'एसटीडी', म्हणजे न घासलेल्या क्रँकचं माप. बाकीच्या दोन जोड्या बरोबर! जिथे फट मिलिमीटरच्या काही शतांशांची हवी, तिथे पाव मिलिमीटर जास्त. ऑइलचा दाब टिकणार कसा?

दुकानदार आधी "उघडलेला माल परत नाही" म्हणाला, फोटो बघून नरमला. उद्या सेट बदलून मिळेल. जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) नखाला लागतील असे ओरखडे मात्र आलेत, म्हणजे क्रँक पुन्हा घासायला, आणि सेट आता ०.५०चा.