स्टुअर्ट रणगाड्याची नोंद तपासताना

कोशातली स्टुअर्टची नोंद हाती आली की आधी वजन बघा. '१४ टन' लिहिलेलं असतं, पण तो अमेरिकी शॉर्ट टन, ९०७ किलोचा. आपल्या मापानं सुमारे १२.७ टन.

दुसरा घोळ इंजिनाचा. स्टुअर्टचे दोन प्रकार, एम-३ आणि एम-५. एम-३ ला बहुतेक कॉन्टिनेंटलचं सात सिलिंडरचं रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं, पेट्रोल इंजिन. एम-५ ला कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिनं (आठ सिलिंडर, व्ही आकारात) आणि ऑटोमॅटिक गिअर. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले की तक्ता रद्दीत गेला म्हणून समजा. रेडियलचा शाफ्ट, म्हणजे ताकद पोचवणारा फिरता दांडा, मागच्या इंजिनापासून पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत गाडीच्या पोटातून, चांगला उंचावरून जायचा. सुरुवातीच्या गाड्यांत टरेटला, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाला, सोबत फिरणारी बैठक नव्हती. टरेट वळली की आतल्या माणसांनी तो शाफ्ट ओलांडत सरकायचं. गाडी एवढी उंच का, हेही त्यातच आलं. नेमकं हेच गाळलेलं असतं!

काश्मीरच्या झोजिला खिंडीतल्या लढाईची ओळ हवीच: १ नोव्हेंबर १९४८, भारताची ७ लाइट कॅव्हलरी ही रणगाडा रेजिमेंट, टरेट उतरवून नेलेल्या स्टुअर्ट गाड्या.

नळदुर्गाचा उल्लेख मात्र जपून. तिथला बोरी नदीवरचा पूल त्याच वर्षी सप्टेंबरात, हैदराबादच्या पोलीस कारवाईत, भारतीय फौजेनं शाबूत घेतला, हे खरं. पण 'रणगाडे आले' म्हणजे स्टुअर्टच, असं धरू नका. फौजेकडं शर्मन जातीचे रणगाडेही होते.