थांबवण्याची नोकरी

रविवार, रात्र

आज नातवाला घेऊन स्वारगेटहून सिव्हिल कोर्टपर्यंत मेट्रोने गेलो. मंडईला गाडी थांबली तेव्हा माझे कान टवकारलेले. चर्र नाही, फुस्स नाही. नातू म्हणाला, "आबा, हिला ब्रेकच नाहीत का?" म्हटलं, आहेत रे. पण आधी मोटरच उलटी राबते, जनित्र होते. वेग उतरतो आणि वीज वरच्या वाहिनीत परत जाते. घासणारा ब्रेक अगदी शेवटी.

सांगता सांगता मनात आलं, आपण मात्र बसच्या ब्रेकांत ती सगळी ताकद ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा, तापवण्यात घालवली!

औंधच्या आयटीआयमधून १९७९ साली दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात ॲप्रेंटिस म्हणून गेलो. पहिलं काम, ब्रेक शूला, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीला, लायनिंग हा घासणारा पट्टा रिव्हेटने ठोकून बसवणं. रिव्हेट मधून सुरू करून कडेला जायचं. कडेने सुरुवात केली की मध्ये पोकळी राहते आणि लायनिंग लवकर तडकतं. उस्तादांनी माझे चार शू सोलून पुन्हा करायला लावले होते. तेव्हा राग आला होता.

मग एका खासगी गॅरेजात काही वर्षं. तिथे ड्रम उघडला की एअर मारून धूळ उडवायची, तोंडाला रुमालसुद्धा नाही. लायनिंगमध्ये फुफ्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असायचं हे फार उशिरा कळलं. भोसरीत लेथवर ड्रमही कातले. त्या मालकाकडे तीन महिन्यांचा पगार अजून राहिलाय. शेवटी पीएमटी, पुणे महापालिकेची बससेवा. २००७ला ती पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीशी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. शर्टावरचा बिल्ला बदलला, पेटीतले पाने तेच.

कात्रजचा घाट उतरून आलेल्या गाडीजवळ गेलं की ड्रायव्हर कसा आहे ते तापलेल्या ब्रेकच्या वासावरूनच कळायचं. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हे जुने ड्रायव्हर पाळायचे. नवी पोरं सारखी ब्रेकवर पाय ठेवून यायची. रेल्वे याबाबत शहाणी. खंडाळ्याचा घाट उतरताना मधल्या स्टेशनांवर थांबून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. प्रवासी वैतागतात. मला बरं वाटतं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "पूर्वी तुमच्या शर्टाला जळकट वास यायचा, धुतला तरी जायचा नाही." मी म्हटलं, तो माझा नव्हे, कात्रजचा.

नातवाच्या सायकलचा मागचा ब्रेक सैल लागतोय. उद्या रबरं बघायला हवीत.