पिशवी न काढता कॅन्सरवर उपचार : माझा अनुभव

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा मी 33 वर्षांची होते आणि मूल नव्हतं. त्याआधी बरेच महिने तक्रार चालू होती. दोन-दोन महिने पाळी यायची नाही आणि आली की थांबायची नाही, अंगावरून जातच राहायचं. ‘पीसीओडी आहे, वजन कमी करा,’ एवढंच ऐकायला मिळे. अस्तराचा तुकडा काढून तपासू या, असं म्हणणारी डॉक्टर फार उशिरा भेटली. वय कमी म्हणून इतर कुणाच्या मनात शंकाही आली नाही, याचा मला अजून राग येतो. कारण पीसीओडीतच हा धोका असतो. बीज वेळेवर फुटत नाही, प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढत राहतं. वजन जास्त असेल तर चरबीतूनही इस्ट्रोजेन बनतं. माझ्या बाबतीत दोन्ही होतं.

पहिला सल्ला मिळाला तो पिशवी काढण्याचा. या कॅन्सरवरचा मुख्य आणि सगळ्यात खात्रीचा उपचार तोच आहे. सासूबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, “अगं, काढून मोकळी हो. तू आहेस तर सगळं आहे.” पण मला आधी दुसरं मत हवं होतं. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घेतले. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला माझ्याच अस्तराचा तुकडा, प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीत. ऊन लागू देऊ नका, असं लॅबवाल्यांनी बजावलं होतं. डेक्कन क्वीनमध्ये पुण्यापासून दादरपर्यंत ते ठेवलेली पर्स मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

परळला टाटा रुग्णालयात स्लाइड पुन्हा वाचल्या गेल्या. एंडोमेट्रिऑइड, म्हणजे या कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार, आणि ग्रेड 1, म्हणजे सगळ्यात कमी आक्रमक. मग एमआरआय. पिशवी ठेवून नुसत्या हॉर्मोनच्या औषधांवर भागेल की नाही हे तिथेच ठरणार होतं. गाठ अस्तरापुरतीच हवी, स्नायूत शिरलेली नको, अंडाशयात किंवा बाहेर कुठे काही नको. यातलं एक जरी बिघडलं असतं तरी मी ऑपरेशनला तयार होते. तुकड्यावर एमएमआर प्रथिनांची, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, तपासणीही झाली, कारण माझ्या आत्याला आतड्याचा कॅन्सर होता आणि ही प्रथिनं बिघडल्याने आतड्याच्या व गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा लिंच सिंड्रोम घराण्यात चालत येतो. ती तपासणी ठीक निघाली.

रांगेत शेजारी साताऱ्याकडच्या एक काकू होत्या. आजार हाच, पण हृदय कमकुवत, भूल झेपणार नव्हती. त्यांना रेडिएशन ठरलं होतं. आधी आठवड्यातून पाच दिवस बाहेरून शेक आणि नंतर ब्रेकीथेरपी, म्हणजे गर्भाशयात नळी बसवून आतून. शेकाच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, म्हणजे आतडी बाजूला सरकतात, हे त्यांनीच मला सांगितलं. आजार पसरलेला असेल तर केमो असते आणि एमएमआर बिघडलेलं असेल तर इम्युनोथेरपीचाही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचाही, उपयोग होतो, हेही मला तिथेच कळलं.

मला मेजेस्ट्रॉलच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या हॉर्मोनच्या, गोळ्या सुरू झाल्या, रोज 160 मिलिग्रॅम, आणि पिशवीत हॉर्मोनची तांबी बसवली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. चारपैकी साधारण तिघींना गुण येतो, पण गुण आलेल्यांपैकी शंभरातल्या चाळीसेक जणींना आजार पुन्हा होतो. म्हणून गोळी घेतली आणि सुटलो, असं इथे चालत नाही. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा काढायचा. ही तपासणी चुकवणार असाल तर हा उपचार घेऊच नका, असं मी प्रत्येकीला सांगेन.

गोळ्यांनी भूक खवळते. रात्री जेवून उठले तरी पुन्हा खावंसं वाटायचं. साखर वाढली, मेटफॉर्मिन सुरू झालं. पायाची पोटरी एका बाजूनेच सुजली किंवा दम लागला तर तडक या, असं सांगितलं होतं, कारण रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. नवरा रोज झोपताना पोटऱ्या दाबून बघायचा. वजन उतरवणं हाही उपचारच होता, म्हणून पहाटे तळजाईच्या टेकडीवर चालायला जायचं. भात बंद झाला, भाकरी मोजून मिळायची.

पहिल्या तपासणीत कॅन्सर होताच. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, “काढून टाकू या.” डॉक्टर म्हणाल्या, वाढलेला नाही, पेशींवर औषधाचा परिणाम दिसतोय, आणखी थांबता येईल. पुढच्या वेळी कॅन्सर नव्हता, पण पेशी पूर्ण नीट नव्हत्या. त्यानंतरचे लागोपाठ दोन रिपोर्ट स्वच्छ आले. दुसऱ्या रिपोर्टची ती ओळ मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली, तर त्या म्हणाल्या, “परत वाच.”

आता तांबी काढली आहे आणि थांबायला वेळ नाही म्हणून आयव्हीएफ सुरू होतंय. मूल झालं की पिशवी काढायची, हे सर्जनशी आधीच ठरलंय आणि मला ते मान्य आहे. नाही झालं तर किती दिवस थांबायचं, तेही त्यांच्याशी बोलून फाइलवर लिहून घेतलंय. तोवर तपासण्या चालूच राहणार.