वाचनसराव, नववा आठवडा: ठेका खाली, शब्द वर

लालबागच्या आमच्या चाळीत साडेपाचला नळाला पाणी येतं. त्याआधीची वीस मिनिटं माझी. खिडकी बंद, डोक्यावर गोधडी, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका. समोर धरला की 'भ', 'फ', 'ध' फाट्कन आदळतात, कारण महाप्राणातला (श्वासाच्या जोराने उच्चारायच्या अक्षरातला) श्वास थेट माइकवर जातो. तिरका धरल्यापासून तो त्रास जवळजवळ संपला.

हा आठवडा मनाच्या श्लोकांचा. वृत्त भुजंगप्रयात: ओळीत ४ 'य' गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा, एकूण १२ अक्षरं. शाळेत घोकलेली चाल जिभेवर इतकी बसलीय की तीच आडवी येते. सोमवारचं रेकॉर्डिंग लावलं तर ऐकू आलं ते असं: मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे. ठेका चोख, पण 'सज्जना' आणि 'भक्ति' दोन्ही मधोमध चिरलेले! गण शब्दाच्या पोटात तुटतो, आणि चाल लावून म्हटलं की नेमका तिथेच आवाज तुटतो.

म्हणून चार दिवस ठेका फक्त मांडीवर बोटांनी धरला आणि तोंडाने वाक्य बोलले. 'सज्जना'नंतर किंचित थांबायचं, 'भक्तिपंथेचि' एका श्वासात. यातला 'चि' फार मोलाचा. भक्तीच्याच वाटेने जा, हा सगळा आग्रह त्या एका लघु अक्षरात आहे. तो लांबवला तर वृत्त मोडतं. तेव्हा लांबवायचा नाही, नुसता सूर थोडा चढवायचा. गुरुवारी जमलं.

मग तुकोबांकडे वळले. मोठ्या अभंगाची अक्षरं ६-६-६-४. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां.' दुसऱ्या-तिसऱ्या चरणातलं 'वरी-वरी' कानाला अशी सवय लावतं की पुढेही सहाच अक्षरं येणार असं वाटतं. येतात चार. ती दोन अक्षरांची जागा मी आजवर श्वास ओढून भरत होते आणि घाईने पुढची ओळ उचलत होते. शुक्रवारी संध्याकाळी आईला वाचून दाखवताना जागा तशीच रिकामी ठेवली. आई मटार सोलत होती. 'ठेवोनियां' झालं आणि शेंग तिच्या हातातच राहिली. म्हणाली, "आत्ता उभा राहिला बघ."

अजून अडतं ते 'ज' आणि 'च'पाशी. 'हे जग' म्हणताना ज तालव्य, म्हणजे जीभ टाळूला; 'तू जग' म्हणताना दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे. आकड्यातला 'चार' वेगळा, गुरांचा 'चारा' वेगळा. लिपीत फरक दिसत नाही आणि पहिल्यांदाच समोर आलेल्या मजकुरात जीभ चुकीच्या जागी लागते. आता दंततालव्य अक्षराखाली पेन्सिलीने टिंब देते. पानं भरतात टिंबांनी, पण चुका खरंच कमी झाल्यात.

रविवारी दादरला आमच्या गटापुढे दोन्ही वाचायचंय, पाठ न करता, कागद हातात घेऊन. पाठ केलं की चाल परत डोकं वर काढते.

त्यानंतर ज्ञानेश्वरीतली ओवी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा तोकडा, आणि अक्षरांची मोजणी सैल, त्यामुळे मांडीवरची बोटं तिथे कामाची नाहीत. ओवी नेमाने वाचणाऱ्यांनी सांगा: तिसऱ्या चरणाचं यमक पडल्यावर श्वास घेता, की त्याच श्वासात चौथा चरण उतरवता?